टोलेफ्सन हटाव

नवरा कोच होता तेव्हाही मी इथेच बसायचे,
बत्तिसावी रांग, खांबाच्या आडोशाला,
जिथून मैदान अर्धं दिसतं आणि वारा निम्मा लागतो.
आता मुलगा कोच आहे. जागा तीच.
उशी तेवढी नवीन घेतली.

वेंडेलने सव्वीस हंगाम काढले या कॉलेजात.
सव्वीस हंगाम म्हणजे किती धुणं, ते मला विचारा.
खिशांतून निघायचे शिट्टीचे दोरे, खडूचे तुकडे,
कागदी रुमालांवरचे गोल आणि फुल्या,
एकदा तर माझ्या वाढदिवसाच्या केकच्या खोक्यावर
अख्खी एक चाल, बाणांसकट.
खोकं त्याने जपून ठेवलंय.
केक कसला होता, ते विचारून बघा त्याला.

तो निवृत्त होतोय म्हटल्यावर सगळ्यांना वाटलं,
लायनेलच.
एकोणीस वर्षं बचावफळी सांभाळलेला लायनेल प्रुइट,
ज्याने आमच्या ग्रँटला ट्रकचा क्लच सोडायला शिकवलं,
कारण त्या रविवारी बाप कुठल्याशा शेतावर
एका अडीचशे पौंडांच्या पोराच्या आईशी
गोड बोलत बसला होता.

मंडळाने ग्रँटचं नाव घेतलं.
वेंडेल म्हणाला, मी एक शब्द बोललो नाही.
खरं आहे.
एक शब्द बोलायला हवा होता, तोही बोलला नाही.

त्या रात्री लायनेल आमच्याकडे जेवला,
बटाट्याची हॉटडिश दोनदा मागून घेतली,
ग्रँटच्या पाठीवर थाप मारली,
आणि जाता जाता स्वयंपाकघरातल्या खिळ्याला
मैदानाच्या फाटकाची किल्ली अडकवून गेला.
कुणी मागितली नव्हती.
मी तिच्यावरची धूळ पुसते. काढत नाही.

गादी चालवायची म्हणजे ग्रँट, सगळंच आलं,
शिट्टी, राग, सामन्याच्या सकाळी पोट बिघडणं.
यंदा सात सामन्यांत एक विजय.
वेंडेल वर येऊन बसत नाही. पार्किंगमध्ये, ट्रकात,
रेडिओ लावून, इंजिन चालू.
इकडे गलका झाला की तो आवाज बारीक करतो,
असं तिकिटं फाडणारी पोरगी सांगत होती.

आज तिसऱ्या क्वार्टरमध्ये डेल स्टुक्स उभा राहिला,
आमचा बॉयलर दुरुस्त करणारा.
हातात फलक, पुठ्ठ्याचा नाही, चांगल्या प्लायवुडचा:
टोलेफ्सन हटाव.

मी ओळखला तो.
अठ्ठ्याण्णव सालचा, बर्फातल्या सामन्यातला,
वेंडेल ओळीने सहा हरला त्या वर्षीचा.
लाल रंग जरा विटलाय, एवढंच.
इतकी वर्षं गॅरेजच्या भिंतीला टेकून राहिला
आणि नाव बदलावं लागलं नाही.
काटकसरी माणूस.

शेजारी ग्रँटचा टोबायस, सहा वर्षांचा,
नुकताच अक्षरं जोडून वाचायला लागलेला.
बोट नाचवत, ओठ हलवत
त्याने तो लांबलचक पहिला शब्द पार केला
आणि बाकावर उभा राहून ओरडला,
आजी, आपलं नाव!
त्या काकांनी आपलं नाव आणलंय!
आणि दोन्ही हात हलवले.

डेलने पाहिलं.
फलक गुडघ्यांपर्यंत खाली आला, मग उलटा झाला.
मागची बाजू कोरी.
त्याने एक हात वर केला, अर्धवट,
बिलाचे पैसे घेऊन पायऱ्या उतरताना करतो तसा.

दुसरा शब्द काय होता, आजी?
खाली ग्रँट टोपी काढून केसांतून हात फिरवत होता,
डावा हात, कपाळापासून मानेपर्यंत.
कुणी शिकवलं नाही त्याला हे.
मी म्हटलं, थांब, खेळ बघू दे.

टोबायसने खेळ बघितलाच नाही.
तो त्या कोऱ्या लाकडाकडे बघत राहिला,
टाचा उचलून, मान ताणून,
काका ते पुन्हा कधी वळवतात म्हणून.