पोटरीचं माप

आजोबांचा शिकारी कोट मला बसला,
गुडघ्याखाली सहा गुंड्यांची ती तंग विजारही.
बूट तेवढे उंदरांनी खाल्लेले.

म्हणून गुलमंडीमागच्या बोळात
मुनीरमियांच्या पाटावर पाय देऊन उभा मी.
काळे चकचकीत, की तांबूस, तेल पाजलेले?
फीत की चेन?

त्यांनी पावलाकडं बघितलंच नाही,
पोटरीला दोरी गुंडाळली, गाठ मारली.
"किधर जाते? काटे? सापां?"
"फोटो काढायचाय. चुलतभावाच्या लग्नात."

खिळ्यावरच्या दोऱ्यांच्या गुंत्यातून
त्यांनी एक काळपट सोडवली,
माझ्या दोरीशेजारी धरली.
आजोबांची.
दोन बोटं आखूड.

"तांबूस घ्या," म्हणाले,
"धूळ बसली
की कुठूनतरी चालत आल्यासारखे दिसतात."