कडेवरचं नाव

तिने रुमालाची गाठ सोडली
आणि काट्यावर एक राजा ठेवला,
उघड्या डोक्याचा, दाढीवाला,
तीन तोळ्यांना जरा वर.
फीत काढून वजन करा, म्हणाली.

मागच्या बाजूला घोड्यावर नागडा माणूस.
"आजोबा तर पायदळात," ती हसली,
"घोडा मिळाला तो असा. चांदीत."

झवेरी बाजार, चौथा मजला. मी विट्याकडचा,
बाप मूस धरता धरता म्हातारा झाला.
आमच्यात म्हणतात, मुशीत गेलेल्याला
घर विचारू नये.
पैंजण, अत्तरदाणी, बारशाची वाटी,
सगळ्यांचं एकच पाणी होतं.

ती तृपत कौर, शीव कोळीवाड्याची.
कॅम्पातली इमारत पाडणार,
नव्या खोलीचं डिपॉझिट अडलेलं.
मराठी माझ्यापेक्षा सरळ.

कस घ्यायला कानस उचलली.
नावावर चालवायची नाही, हा बापाचा नेम,
म्हणून राजाच्या मानेवर चालवली
आणि कड सहज दिव्याखाली फिरवली.
नंबर. सिपाही. वरयाम सिंग. सत्तेचाळीस शीख.

"परत वाचा."
परत वाचलं, एकेक अक्षरावर बोट ठेवून.
"आमचे आजोबा केहर सिंग."

खाली हातगाडीवाला कुणावर तरी ओरडत होता.

"अमृतसरच्या फलाटावर
दोन सारख्या हिरव्या पेट्या होत्या.
आजी सांगायची, आपली जड झाली एका रात्रीत.
आम्ही हसायचो."

दर गुरुपुरबाला राखेनं घासलेलं,
फोटोखाली ठेवलेलं,
एकदा तिच्या फ्रॉकला टाचून शाळेत गेलेलं.
पंचाहत्तर वर्षं त्या घरानं
एक परकं नाव कडेवर वागवलं.

"बापाचं नाव असेल बघा. गाव?"
नाही. कडेला जागा ती केवढी.

मी वजन सांगितलं. भावही.
तिने पदक मुठीत धरलं,
जत्रेत चुकलेलं कुणाचं पोर
धरून ठेवावं तसं.
"आपलं असतं तर वितळवलं असतं हो."
फीत परत अडकवायला
तिला बराच वेळ लागला.

जिन्यात ती दोनदा थांबल्याचं ऐकू आलं.

त्या दिवशी भट्टी उशिरा पेटली.
गॅस संपला होता, दुसरं काही नाही.
कसोटीच्या दगडावर
राजाच्या मानेची एक पांढरी रेघ आहे.
मुद्दाम ठेवलीय असं नाही.
पुसायची राहते.