लाट

एइबार. उतारावरचं दुकान.
पाचिको पिस्तुलाची मूठ सोडवतो,
दोन स्क्रू चिंधीवर ठेवतो,
भिंग डोळ्याला लावतो.

"आजोबांचं," गार्बिन्ये सांगते,
"छत्तीसच्या लढाईतलं.
डोंगर ओलांडताना कमरेला होतं."

तो हूं की चूं करत नाही.
जुन्या तेलाच्या रापाखालून
आधी एक ढाल वर येते,
मग एक अक्षर:
एन, आणि त्याच्या डोक्यावर इवलीशी लाट.
आपल्या ञसारखं,
शाळेत घोकलेलं, पुढे कुठेच न लागलेलं.
इथं मात्र ते साल सांगतं.
त्रेचाळीस.

लढाई संपून तेव्हा चार वर्षं झाली होती.
त्या साली नवंकोरं पिस्तूल
कोणाच्या कमरेला असे,
हे या गावात कोणी कोणाला विचारत नाही.

"खरवडता येईल?"
"येईल. किंमत उतरेल."
"किंमत विचारली कुठे मी?"

पाचिको मूठ पुन्हा बसवतो.
एक स्क्रू काही केल्या आवळत नाही.

वहीत सही करताना
शेवटून दुसऱ्या अक्षरापाशी
गार्बिन्येचं पेन अडतं.
रस्त्यावरून एक ट्रक जातो, भिंग थरथरतं.
मग ती
स्वतःच्या नावावरची लाट काढते.