वीस मिनिटं

यांगडोलच्या गावी आम्ही मे महिन्यात जाऊन आलो.
अकरा दिवसांचं पॅकेज, जेवण धरून.
गोंपा वीस मिनिटं,
वरचं लाकडी छपराचं देऊळ वीस मिनिटं.
बर्फ कुठंय विचारलं तर गाईडनं बोट दाखवलं
लांब, कुणीतरी डोंगरावर वाळत घातलेल्या पंच्याकडं.

डिसेंबरात ती पार्क चौकात आली, दरवर्षीसारखी,
स्वेटरांचे गठ्ठे माझ्या दोऱ्या-बटणांच्या दुकानात ठेवायला.
मी मोबाईल काढला. हे बघ तुझं गाव.
सोनेरी मूर्ती तिनं भराभर सरकवली,
फिरती चाकं, उसन्या कोटातले आमचे हे, तेही.
एका फोटोवर थांबली.
तो मी पुसणारच होते.
गोंपा अर्धाच आलाय, कडेला कुणी बाई
पाठमोरी, हातात किटली, मध्येच घुसलेली.

दोन बोटांनी तिनं ती बाई मोठी केली.
मोठी करत गेली,
चादरीच्या विणीसारखे नुसते चौकोन उरेपर्यंत.
"आई," म्हणाली. "पाय दुखतोय तिचा. डावा.
बघा ना, कशी उभीय."

मग मला काय सुचलं कोण जाणे,
दुकानाला कुलूप घातलं. चल, म्हटलं, माझं गाव बघ.
एकोणीस हिवाळे सोलापुरात
आणि बाईनं पाहिलाय फक्त फुटपाथ.

तळ्याकाठी तिनं सिद्धेश्वराचं देऊळ उजव्या हाताला धरलं.
माशांना चुरमुरे टाकले.
हे किती जुनं? मला सांगता येईना.
अडुसष्ट लिंगं आहेत गावाभोवती, एवढं सांगितलं.
मी मोजून सात पाहिलेली, तीही लग्नाआधी.
त्यातल्या एकापाशी ती गोल निघाली, मी दंड धरला :
पन्हळ ओलांडायची नसते, इथून मागं फिर.
ती म्हणाली, आमच्यात मागं फिरत नाहीत, अक्का.
दोघी तिथंच उभ्या, पन्हळीच्या अलीकडं,
पुजारी डोकावेपर्यंत हसत.

निघताना तिनं डोळे मिटले. बराच वेळ.
काय मागितलंस गं?
"थंडी."

सोलापुरात!
या देवाकडं आजवर
हे कुणी मागितलं नसेल.
माल तसाच पडून होता तिचा.
तिकडं आता उंबऱ्यापर्यंत बर्फ असेल, म्हणाली,
मीपण फोटोतच बघते.

रात्री ह्यांनी पंखा लावला.
मी उठून बंद केला.