अर्धा इंच

हडर्सफील्डच्या बोळातले ऑल्डरॉइड शिंपी
टाचण्या ओठांत धरून बोलतात,
त्यामुळे प्रत्येक शब्द जरा चपटा.
"बाहीतून कफ दिसावा अर्धा इंच.
जास्त नको. फुशारकी वाटते."

पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदाच
मापाचा कोट शिवतोय.
लेकीनं बजावलंय, बाबा,
माझ्या लग्नात तो तपकिरी स्वेटर दिसता कामा नये.

ऑल्डरॉइड मागे सरकतात, आरशात बघतात.
"उजवा खांदा उतरलाय तुमचा."

उतरणारच.
जयसिंगपुरात सहा वर्षं, शाळेआधी,
दुधाची किटली आणि बत्तीस घरं.
हात बदलला की सांडायचं.

"थोडा कापूस भरतो. कळणारही नाही."
खडूची रेघ ओढताना
गळ्यातली टेप घसरते त्यांची
आणि दिसतो त्यांचाच खांदा,
कात्रीच्या बाजूचा, आतून उचललेला.
"चाळीस वर्षं झाली," म्हणतात,
टाचण्या काढून.

लग्नाच्या सकाळी
कफ बरोब्बर अर्धा इंच,
बुटांत छताचा दिवा.
कॉलर सारखी करता करता
लेकीचा हात थांबतो.
"इथं काय मऊ लागतंय?"

दूध, मी म्हणतो.