दोन पॉइंट सहा

ओस्त्रावात डिसेंबरात चारलाच अंधार पडतो.
विटकोवित्सेच्या विझलेल्या भट्टीमागे, तळघरातल्या जिममध्ये
माझा भाऊ रादोवान आरशाकडे पाठ करून उभा राहतो
आणि मान वळवून वळवून ती पाठ बघू पाहतो.
दिवसा तो ट्रामची चाकं बदलतो.
मार्चात ओपावाला स्पर्धा आहे,
चाळिशीच्या पुढचे, ऐंशी किलोच्या आतले.

जिम बोहदानचं. त्यानं सांगितलंय,
तुझ्या पेशी बहिऱ्या झाल्यात.
इन्सुलिन दार वाजवतं, आतून कुणी उघडत नाही,
साखर बिचारी जिन्यात बसून राहते.
"संवेदनशील व्हायला हवं तुला," बोहदान म्हणतो
आणि पाठीवर अशी थाप मारतो
की रॅकवरचं लोखंड दचकावं.

संवेदनशील.
बापाला दहनगृहात पोचवून
हा त्याच संध्याकाळी पाय मारायला गेला होता.

आता ओट्यावर डब्या.
बर्बेरीन, कावीळ झालेल्या डोळ्यासारखं पिवळं,
कॅप्सूल फुटली तर बोट दोन दिवस कडू.
अल्फा लिपोइक, झाकण काढताच काडी ओढल्याचा वास.
क्रोमियम, इतकं कमी
की ते आहे यावर विश्वासच ठेवायचा.
आणि दालचिनी. साधी नको, सिलोनची.
तीच, जी आईनं जन्मभर नाताळच्या सफरचंदांवर भुरभुरवली
कुणाच्याही पेशींना न विचारता.

आईचं इन्सुलिन फ्रीजच्या दारात, लोण्याशेजारी.
सकाळी दोघं एकाच यंत्रावर,
आधी ती, मग सुई बदलून तो.
तिचं अकरा पॉइंट चार.
त्याचं चार पॉइंट नऊ.
तो आपला आकडा वहीत लिहितो,
तिचा कोण लिहिणार, तो तर रोजचाच.
"पास झालास," ती म्हणते
आणि त्याच्या तीनशे ग्रॅम भाताकडे बघत
स्वतःच्या ब्रेडचा तुकडा निम्मा करते.

जानेवारीत मी आठवडाभर तिथे, दिवाणावर.
रात्री तीनला भिंतीवर काहीतरी आपटत राहिलं.
तो तिचा हात होता.
गाऊन घामानं चिंब,
मला माझ्या मेलेल्या मावशीच्या नावानं हाक मारत होती.
रादोवाननं तिचं बोट टोचलं.
दोन पॉइंट सहा.
उशीखाली पिवळी डबी, अर्ध्यावर आलेली.

("तुझ्या दंडांना कळतं," नंतर म्हणाली,
"तर म्हटलं, माझ्या ह्या दगडालाही कळेल.")

टोचलेलं इन्सुलिन अंगात होतंच, त्यात हे.
सगळी दारं एकदम उघडली
आणि घरात वाटायला काही उरलं नाही.

अकरा आठवडे ज्यानं साखरेचं नाव काढलं नव्हतं
तो अनवाणी फडताळं उपसत होता.
माझ्या पोरांसाठी ठेवलेली रास्पबेरीच्या सरबताची बाटली,
बूच दातांनी काढलं.
मग चमचा. थांब. गिळ. चमचा.
चाळीस किलोचं डंबेल न हलता धरणारा हात
तिच्या हनुवटीवर सांडत होता
आणि मी मोजत होते, का कोण जाणे,
सेट मोजतात तसं.
पंधरा मिनिटांनी चार पॉइंट तीन.
तिनं मला माझ्या नावानं हाक मारली
आणि विचारलं, दिवा का लावलाय?

रादोवान पलंगाच्या कडेला बसला.
बसल्या बसल्या त्यानं चमचा चाटला, दोन्ही बाजूंनी,
आपण काय करतोय हे त्याला
संपल्यावर कळलं.

डब्या त्यानं फेकल्या नाहीत. वरच्या कप्प्यात ठेवल्या,
जिथे तिचा हात पोचत नाही.
डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही फैलावर घेतलं,
तेव्हा तो शाळकरी पोरासारखा बुटांकडे बघत होता.
ओपावाला सहा जणांत पाचवा आला.
बोहदान म्हणाला, पाठ कमी पडली.

ती वही मी परवा उघडली.
जानेवारीपासून दोन रकाने आहेत, तिचा आधी.
त्या रात्रीच्या पानावर आकडा वाकडा, खोलवर दाबलेला,
आणि त्याशेजारी एक चिकट गुलाबी डाग,
पान उलटू गेलं
की पुढच्या पानाला धरून ठेवतो.