शंभरात तीन

गोठ्यात गोऱ्हा जन्मला
तर हाइत त्याचं नाव ठेवत नसत.
आम्ही फ्रीसलंडची माणसं वडिलांना हाइत म्हणतो.
पंधराव्या दिवशी ट्रक यायचा,
मग ती गाय दोन रात्री
बांधाकडे तोंड करून हंबरायची.
मी उशीखाली डोकं खुपसायचे.
हिल्के खिडकीपाशीच बसून राहायचा,
त्याला उठून जाता येत नव्हतं.

हिल्के, माझा भाऊ.
चार वर्षांचा असताना जमिनीवरून उठायचा तो
आधी गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात टेकत,
स्वतःच्याच अंगावर चढत.
आम्हाला वाटायचं खेळ आहे.
अकराव्या वर्षी चाकांची खुर्ची,
एकोणिसाव्या वर्षी
श्वास घेण्याइतकेही स्नायू उरले नाहीत.
आई म्हणायची, माझ्यातून गेलं ते.
ती हे वाक्य भांडी घासताना म्हणायची,
नळ सोडून.

मग एका हिवाळ्यात नव्या नळ्या आल्या,
नायट्रोजनच्या पिंपातून धुरकटत वर येणाऱ्या,
फक्त कालवडींच्या.
एका नळीला दुप्पट पैसे. शेजारचा दौवे हसला.
पण दहात नऊ कालवडी झाल्या,
आणि ट्रक आमच्या फाट्याला वळेनासा झाला.
बँकेच्या माणसानं विचारलं, फायदा किती?
हाइत म्हणाले, झोप लागते.

मुलीचं बीज मुलाच्या बीजाहून जड असतं,
शंभरात तीन भागही नाही, इतकंच.
रंगात बुडवलं की ते जरा जास्त निळं उजळतं,
मग एकेक थेंब बाजूला काढता येतो.
हे मला रेतन करणाऱ्या माणसानं सांगितलं होतं,
आमच्या ओट्यावर कॉफी पिता पिता.
बारा वर्षांनी तेच
एका डॉक्टरनं सांगितलं,
पांढऱ्या खोलीत, हळू आवाजात,
जणू गाईंनी कधी ऐकलंच नव्हतं.

सासूबाई म्हणाल्या, देवाच्या कामात बोट घालू नये.
मी म्हटलं, बोट नाही घालत, दार उघडते आहे.
हे मी फार शहाणपणानं म्हटलं,
आणि रात्री त्येर्दला विचारलं, खरंच का रे?
त्याला काय ठाऊक असणार.
दुसरीकडे हेच यंत्र मुलींना गाळायला वापरतात,
हे मी वाचलं आहे.
त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.
माझ्याकडे कोठारात एक खुर्ची आहे,
तिची चाकं गंजली तरी कुणी विकत नाही.

फॉर्मवर एक ओळ होती: कारण.
मी पेन धरून बसले.

कालवे गोठले होते त्या वर्षी
हाइतनी हिल्केची खुर्ची घसरगाडीला बांधली
आणि सगळं गाव त्याला ढकलत गेलं,
दौवेसुद्धा, नाक वाहत असताना.
परत येताना हिल्के मला म्हणाला,
येल्त्ये, तुझी वेळ आली की कालवड मागव.
मी हातमोज्यानं त्याच्या डोक्यात मारलं.
तो इतका हसला की खोकला लागला,
आणि आम्ही सगळे थांबलो,
त्याचा खोकला थांबेपर्यंत.

मी लिहिलं: भावानं सांगितलं.

कुणाला टाकलं नाही.
ठोका पडला नव्हता,
नाव नव्हतं, ट्रक नव्हता.
याहून मोठा फायदा मला सांगता येत नाही.
तरी घरी परतल्यावर दोन रात्री
मी बांधाकडे तोंड करून झोपले.

आता बाउक्ये तीन वर्षांची आहे.
तिच्यातही तो धागा लपलेला असेल,
नसेलही. अठरा वर्षांची झाली की तीच ठरवेल
विचारायचं की नाही.
तोवर ती गोठ्यात धावते, शेणात घसरते,
आणि हात न टेकता, एका झटक्यात उठते.

मी बघते.
दर वेळी, बादली खाली ठेवून,
अजून बघते.